काय खाल्लं, पूर्ण सांगा

जबलपूरच्या चेरीताल भागात आम्ही खोल्या बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी पगार विचारला नाही, जात विचारली नाही, गाव विचारलं तेही जाता जाता. त्यांचा पहिला प्रश्न होता, "कुंड्या किती?"

माझा नवरा बदलीच्या नोकरीतला. घरमालकांच्या उलटतपासणीची त्याला सवय होती, पण हा प्रश्न त्याच्याही तयारीत नव्हता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "चार."

"कशाच्या?"

"तुळस, मोगरा, गुलाब आणि एक शोभेची."

"शोभेची म्हणजे कशाची? नाव सांगा. शोभा हे काही झाडाचं नाव नाही."

मला नाव आठवेना. नागपूरची शाळा सोडताना बरोबरच्या शिक्षिकांनी दिलेली ती कुंडी होती. मोठी मोठी हिरवी पानं, त्यांवर दूध शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके. घरमालकांनी ते वर्णन डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "डिफनबेकिया. अच्छा. खोल्या देतो, पण तिचं काय ते आपण पाहू, मास्तरीणबाई."

मी पडले तापट. मला तेव्हाच वाटलं होतं, या म्हाताऱ्याशी आपलं जमायचं नाही.

आम्ही त्यांना काका म्हणायला लागलो. उंच, वाळलेला माणूस; खाकी पँट, वर बनियन, कानावर पेन्सिल आणि हातात रंगाचा एक छोटा डबा. नागपूर आणि जबलपूर एका राज्यात होती तेव्हा त्यांचे वडील अमरावतीकडून इकडे नोकरीला आले. पुढे राज्यं नव्यानं आखली गेली, नागपूर तिकडे गेलं, हे लोक इकडेच राहिले. काकांनी सगळी नोकरी दारूगोळ्याच्या कारखान्यात केली. तिथे प्रत्येक पेटीवर रंगाचा पट्टा असायचा म्हणे, कुठली पेटी कशी उचलायची ते त्या पट्ट्यावरून कळायचं. नोकरी संपली, पट्टे संपले नाहीत. ते झाडांवर आले.

अंगणातल्या प्रत्येक झाडाच्या बुंध्याला त्यांनी बोटभर रंगाचा पट्टा ओढला होता. हिरवा पट्टा म्हणजे निर्धास्त: मोगरा, जास्वंद, तुळस. पिवळा म्हणजे टोचेल, ओरबाडेल, पण जिवावर बेतणार नाही: गुलाब, बोगनवेल. लाल म्हणजे पोटात गेलं तर घात. प्रत्येक झाडाला पत्र्याची पट्टी बांधलेली आणि तिच्यावर दोन नावं, वर मराठी, खाली हिंदी. भाडेकरूंच्या मुलांनी दोन्ही नावं पाठ करायची असा दंडक होता. "ऐकणारा कोणत्या भाषेतला असंल, आधी थोडंच कळते," असं ते म्हणत.

हे आपल्या अंगणापुरतं असतं तर कोणी काही बोललं नसतं. पण काका दुसऱ्यांच्या कुंपणातही डबा घेऊन जात. शेजारच्या अम्माजींच्या दारात लाल कण्हेर होती. रोज सकाळी त्यातली फुलं महादेवाला जात. एक दिवस त्या बाहेर येऊन पाहतात तर झाडाला लाल पट्टा. त्यांनी सगळी गल्ली गोळा केली. "बाबूजी, ये तो भोलेनाथ का फूल है!"

काका शांतपणे ब्रश पुसत म्हणाले, "भोलेनाथ ज़हर पचा गए थे, अम्माजी. आपका पोता नहीं पचाएगा."

अम्माजी त्यांच्याशी वर्षभर बोलल्या नाहीत. कण्हेर मात्र त्यांनी नातवाच्या हाताला लागणार नाही अशी मागच्या बाजूला नेऊन लावली.

फाटकात काका मुलांची तलाशी घेत. कारखान्याच्या फाटकात काडेपेटीसाठी घेतात तशी. मुलं हात वर करून उभी राहत आणि काका त्यांच्या खिशातून गुंजा, एरंडाच्या बिया, घाणेरीची काळी फळं काढून घेत. गुंजेवर त्यांचा फार राग. एवढीशी लाल, देखणी बी आणि पोटात फुटली तर काय करील याची कल्पना कोणाला नाही. "दागिन्यासारखी दिसते न, म्हणून पोरं तोंडात घालतात," असं म्हणून ते ती पायाखाली चिरडत.

काटेरी झाडांची मात्र ते बाजू घेत. आमच्या गल्लीत कोणीतरी पसरवलं होतं की घरात काटेरी झाड असलं की भांडणं होतात. अम्माजींची सून माझ्याकडे येऊन कुजबुजली, "दीदी, आपके मकान-मालिक ने तो नागफनी की पूरी लाइन लगा रखी है, तभी तो सबसे झगड़ते हैं." मी ते काकांना मुद्दाम सांगितलं. मला वाटलं, चिडतील. ते म्हणाले, "काटा बिचारा आधी सांगते, बाई, की मी काटा आहे. पोरगं हात लावते, रडते, पुन्हा जात नाही. कुत्रं नाक लावते, पळते. डोळ्याला जपायचं, काटा आत मोडला तर काढायचा, झालं. भ्यायचं ते गुळगुळीत पानाला. ते सांगत नाही." मग थोडं थांबून, "आणि काटाही आहे, चीकही आहे, असा निवडुंग असला तर दोनदा भ्यायचं. तो चीक डोळ्यात गेला तर माणूस आंधळा होऊ शकते."

त्यांच्या नागफणीची ती रांग सरळ नव्हती. अंगणाच्या कोपऱ्यात पिवळ्या कण्हेरीचं एक मोठं झाड होतं, ज्याला आपण बिट्टी म्हणतो. रांग त्याच्याभोवती गोल फिरलेली होती. बिट्टीच्या बुंध्याला पट्टाही एक नव्हता, तीन होते, तिन्ही लाल. मला हे कोडं होतं. सगळ्या गावाच्या झाडांवर लाल पट्टे मारत फिरणारा माणूस स्वतःच्या अंगणात सगळ्यांत जहरी झाड का पाळतो? एकदा विचारलं तर म्हणाले, "झाड तोडलं की नाव जाते. नाव गेलं की पोरं पुन्हा खातात."

काकांच्या आणखी दोन तऱ्हा सांगायला हव्यात. एक म्हणजे ते दुपारी जेवत नसत. सकाळी चहा-पोळी आणि एकदम दिवेलागणीला जेवण. लोकांना वाटे, कसलं तरी व्रत आहे. काकूंना विचारलं तर त्या पदर सारखा करून आत निघून जात. काकू तशाही कमी बोलत. अमरावतीजवळच्या खेड्यातून लग्न होऊन आलेल्या, ठेंगण्या, कायम काहीतरी निवडत बसलेल्या.

दुसरी तऱ्हा गल्लीभर प्रसिद्ध होती. माझी मुलगी चिनू तेव्हा दीड वर्षाची होती आणि जेवायला फार छळायची. एकदा तासभराच्या झटापटीनंतर मी व्हरांड्यातून नवऱ्याला ओरडून सांगितलं, "खाल्लं बाई एकदाचं चिनूनं!" अंगणातून काका धावत आले. हातात ओला ब्रश तसाच.

"काय खाल्लं?"

"वरण-भात," मी म्हटलं.

"मग तसं सांगा न! खाल्लं, खाल्लं, काय खाल्लं? कोणी, काय, किती, कधी. पूर्ण सांगा!"

ते हे सगळ्यांशीच करत. कोणी 'खा लिया' म्हटलं की 'क्या?' म्हणून उभे. गल्लीतल्या मुलांनी त्यांचं नाव 'क्या-खाया बाबूजी' पाडलं होतं. मीही हसायचे. शाळेत जाऊन शिक्षकांच्या खोलीत नक्कल करून दाखवायचे. खोटं कशाला बोलू, नक्कल चांगली जमायची मला.

गल्लीच्या टोकाला एक बंगला होता. तिथे दाराच्या दोन्ही बाजूंना सायकस होते, पामसारखे दिसणारे, आणि एक मोठा गुबगुबीत कुत्रा होता. काका तीन वेळा सांगायला गेले, "साहब, इसके बीज कुत्ते के लिए ज़हर हैं." तिसऱ्या वेळी साहेबांनी त्यांना फाटकाबाहेर काढलं. पुढं पावसाळ्यात कुत्र्यानं खाली पडलेल्या बिया खाल्ल्या आणि चार दिवसांत तो गेला. आता काका सगळ्या गल्लीला ऐकवतील, असं मला वाटलं. ते बंगल्यात गेले आणि साहेबांच्या शेजारी पायरीवर तासभर बसून आले. काय बोललात, मी विचारलं. "काय बोलायचं असते? त्याचं जनावर गेलं," ते म्हणाले.

आता माझी कुंडी.

पहिल्याच आठवड्यात काकांनी तिला लाल पट्टा मारला आणि सांगितलं, "बाहेर ठेवा, नाहीतर कपाटावर. लेकरू आहे घरात." मी भांडले. म्हटलं, अर्ध्या जबलपूरच्या बैठकीत ही कुंडी आहे, सगळे मेले का? ते म्हणाले, "मरत नाही. पण पान चावलं तर जीभ सुजते, घसा धरते, लेकराला रडताही येत नाही." शेवटी कुंडी कपाटावर गेली. कपाटावर कोणाला दिसणार? परक्या गावात, दुसऱ्याच्या घरात ती एकच वस्तू होती जिच्याकडे पाहून मला माझं असं काही वाटायचं.

थंडीच्या दिवसांत माझी नणंद यायची होती. मी कुंडी खाली काढली, लाल पट्टा रॉकेलनं पुसला आणि बैठकीत स्टुलावर ठेवली. दोनच दिवसांसाठी. काकांना दिसू नये म्हणून खिडकीचा पडदा ओढून घेतला. त्यांना दिसली नाही. चिनूला दिसली.

मी स्वयंपाकघरात होते. रडणं ऐकू आलं नाही, म्हणून तर कळलं नाही. बाहेर आले तर चिनू जमिनीवर बसलेली, तोंडातून लाळेची धार, ओठ सुजलेले, तोंड रडण्यासाठी उघडलेलं आणि त्यातून आवाज नाही. हातात अर्धं पान. मी काकूंच्या नावानं ओरडले. उलटी करवायची एवढंच आठवलं. मी मिठाचं पाणी केलं आणि तिच्या तोंडात बोट घालणार तेवढ्यात माझं मनगट कोणीतरी घट्ट धरलं.

"उलटी नाही," काका म्हणाले. "वर येताना पुन्हा जाळते."

त्यांनी ओल्या फडक्यानं तिचं तोंड आतून पुसलं, पाण्यानं धुतलं, काकूंनी आणलेलं थंड दूध चमच्याचमच्यानं दिलं. श्वास नीट आहे की नाही ते कान लावून ऐकलं. पानाचा उरलेला तुकडा रुमालात गुंडाळून खिशात घातला. मग रिक्षा थांबवली, चिनूला मांडीवर घेतलं आणि डॉक्टरच्या दारातूनच बोलायला लागले. "लड़की है, पौने दो साल की. डिफनबेकिया का पत्ता चबाया है. आधा. पंद्रह मिनट पहले. उल्टी नहीं कराई. पत्ता ये रहा."

डॉक्टरांनी मान डोलावून तिला आत घेतलं. काकांनी त्यांच्या मागे जाऊन तेच सगळं पुन्हा सांगितलं. मग नर्सला सांगितलं. मग बाकावर माझ्याजवळ येऊन बसले आणि विचारलं, "मी पूर्ण सांगितलं न? काही राहिलं तर नाही?"

"नाही काका, सगळं सांगितलंत."

पाच मिनिटांनी पुन्हा, "काय खाल्लं ते सांगितलं न मी?" मी आई होते, पण धीर मलाच त्यांना द्यावा लागत होता.

संध्याकाळी सूज उतरली. चिनू घोगऱ्या आवाजात रडली आणि ते रडणं ऐकून मी भिंतीला डोकं टेकलं. घरी येताना वाट पाहत होते की काका आता बोलतील. पट्टा का पुसला, विचारतील. मला कोणीतरी रागवायला हवं होतं. त्यांनी नुसती कुंडी उचलली आणि अंगणात नागफणीच्या आत नेऊन ठेवली, नवा लाल पट्टा मारून.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी काकूंकडे गेले. त्या तांदूळ निवडत होत्या. मी म्हटलं, "काकू, माझं चुकलं. पण काकांना झालं काय होतं? एवढे का घाबरले?"

काकूंनी सूप बाजूला ठेवलं.

"आमची बेबी दोन वर्षांची होती व माय," त्या म्हणाल्या. "क्वार्टरमधे राहत होतो. दोन दिवस तिला ताप, पोटात अन्नाचा कण नाही. हे सकाळी जाता जाता सांगून गेले, पोरीनं काही खाल्लं तर निरोप धाड. शेजारचे भैया दुपारच्या पाळीला जात, त्यांनाही सांगून गेले. ताप उतरला तशी पोरगी अंगणात गेली. कुंपणाला बिट्टी होती. मी पाहते तर तोंडात बिट्टी, फोडलेली. भैया सायकल काढून राहिले होते. मी भिंतीवरून ओरडली, भैया, ह्यांना सांगा, बिट्टी खाल्ली, बिट्टी खाल्ली! मले तेव्हा हिंदी येत नव्हती."

मला कळायला क्षणभर लागला. आपल्या भाषेत ते फळ बिट्टी. आणि इकडच्या हिंदीत लहान मुलीला लाडानं बिट्टी म्हणतात. शेजारचे भैया बेबीला रोज बिट्टी म्हणूनच हाक मारत.

"भैयांनी गेटवर यांना बोलावून घेतलं," काकू म्हणाल्या. "हसत सांगितलं, खुश हो जाओ, बिट्टी ने खा लिया. यांनी त्यांचे हात धरले म्हणे. पोरीपायी यांच्याही घशाखाली घास नव्हता दोन दिवस. मग बसले, डबा उघडला आणि पोटभर जेवले."

"आणि तुम्ही?"

"मी दारात उभी. निरोप गेला, आता येतीलच डॉक्टर घेऊन. पोरगी उलट्या करून राहिली आणि मी रस्त्याकडे पाहून राहिली. पाळी सुटल्यावर आले. हातात बिस्किटाचा पुडा होता तिच्यासाठी."

भैयांना कोणी दोष दिला नाही, असं त्या म्हणाल्या. दोष देण्यासारखं त्यांनी काही केलंच नव्हतं. "मी म्हणते, मी पूर्ण सांगितलं नाही. हे म्हणतात, मी पूर्ण विचारलं नाही. बिट्टी आपला शब्द, मला कळायला पायजे होता, म्हणतात. इतकी वर्षं झाली, हे भांडण काही मिटलं नाही. इथं घर झालं तेव्हा आधी बिट्टी लावली त्यांनी. मी दोन महिने बोलली नाही त्यांच्याशी."

मी शाळेत केलेली नक्कल मला आठवली. आजही आठवली की तोंड कडू होतं.

त्यानंतर आम्ही चार वर्षं तिथे राहिलो. चिनू तलाशीसाठी हात वर करायला शिकली, दोन-दोन नावं म्हणायला शिकली. घरात कोणी जेवलं की अंगणात जाऊन खणखणीत आवाजात वर्दी द्यायची, "बाबांनी दोन पोळ्या आणि वांग्याची भाजी खाल्ली, आत्ता!" काका मान डोलवायचे. मग नवऱ्याची बदली झाली.

पुढे कळलं की काका अंथरुणाला खिळलेत, त्यांना काळवेळाचं भान राहिलेलं नाही. आम्ही भेटायला गेलो. चिनू तेव्हा बारा वर्षांची होती, मराठीपेक्षा हिंदीच जास्त बोलायची. फाटकातून आत जाताना कोपऱ्यातल्या झाडाकडे पाहून ती स्वतःशीच पुटपुटली, "बिट्टी. पीली कनेर." तिचे दोन्ही हात आपोआप थोडे वर झाले होते. तलाशी घ्यायला फाटकात कोणी नव्हतं.

भर दुपार होती. काका खाटेवर, अगदी एवढेसे झालेले. काकू वाटीत मऊ भात कालवून शेजारी बसल्या होत्या. "सकाळपासून काही नाही," त्या मला म्हणाल्या. "आणि दुपारचा घास तर हे घेतच नाहीत, तुला माहीतच आहे."

आमच्या आवाजानं काकांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं, ओळखलं नाही. दाराकडे पाहून म्हणाले, "भैया आले का? निरोप आला का घरून?"

काकूंचा हात वाटीत थांबला.

"बेबीनं खाल्लं का?" काकांनी विचारलं.

मला वाटलं, आपण काहीतरी बोलावं, विषय बदलावा. पण तो निरोप माझा नव्हता. काकूंनी वाटी खाली ठेवली, पदरानं हात पुसला आणि त्या खाटेच्या अगदी जवळ सरकल्या.

"खाल्लं," त्या म्हणाल्या.

"काय खाल्लं? पूर्ण सांगा."

"आपल्या बेबीनं वरण-भात खाल्ला. मऊ करून, तूप घालून. छोटी वाटी भरून. आत्ताच. मी भरवला माझ्या हातानं."

काकांनी त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं.

"बिट्टी नाही न?"

"नाही," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज जराही हलला नाही. "बिट्टी नाही. वरण-भात."

"अच्छा," काका म्हणाले. कपाळावरच्या आठ्या एकेक करून गेल्या. "अच्छा. मग मी डबा खाऊन घेतो."

काकूंनी वाटी उचलली. काकांनी तोंड उघडलं. पहिला घास त्यांनी खूप वेळ चावला.

"घाई नका करू," काकू म्हणाल्या. "सावकाश जेवा. मग घरी या."